आवक-जावक

चेक परत आला तेव्हा मला वाटलं, खात्यात पैसे कमी पडले असतील. तसं नव्हतं. सही जुळत नव्हती. बँकेत गेले. काउंटरमागच्या मुलाने माझी सोळा वर्षांपूर्वीची सही स्क्रीनवर मोठी करून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, अशी करा." म्हणजे माझ्याच सहीची नक्कल मला मारायची होती. पहिल्या खेपेला आडनावाचं शेपूट भलतीकडे गेलं. दुसऱ्या खेपेला वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. तिसऱ्या खेपेला मागच्या रांगेतून सुस्कारा ऐकू आला.

घरी येऊन हिशेब केला. गेल्या महिन्याभरात मी हाताने काय काय लिहिलं? दूधवाल्याच्या कार्डावर चार फुल्या. कुरिअरवाल्याच्या फोनच्या काचेवर बोटाने ओढलेली एक रेघ, तिला तो सही म्हणाला. संपलं. ऑफिस ऐरोलीला, तिथे दिवसभर कीबोर्ड. वाण्याची यादीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि तो अंगठा दाखवतो. शाळेत अक्षरासाठी दोनदा बक्षीस मिळवलेल्या बाईची ही गत.

मग दोनरेघी वही आणली आणि रोज पेपरातला अग्रलेख उतरवून काढायला बसले. चार दिवस टिकले. अग्रलेख उतरवून काढण्यासारखी कंटाळवाणी गोष्ट दुसरी नसेल, तो लिहिणारालाही एकदाच लिहावा लागतो. पाचव्या दिवशी लक्षात आलं की मला लिहायला नको होतं असं नाही, लिहिलेलं जायला कुठे जागा नव्हती.

हे रडगाणं डब्याच्या वेळी ऑफिसात गायले, तर एक सहकारी म्हणाला, "माझी आत्या आहे देवरुखला. शाळेत बाई होती. ऐकू येत नाही आता, फोनवर नुसती बरं बरं करते. तिला लिहा. उत्तर शंभर टक्के येणार." आणि त्याने भाजीचा डाग पडलेल्या टिश्यूवर पत्ता लिहून दिला.

पत्रमैत्री हा शब्द मला नवा नव्हता. माझ्या लहानपणी मासिकांत पानच्या पान असायचं: नाव, वय, पत्ता, छंद. छंद बहुतेक सगळ्यांचे तेच, तिकिटं जमवणे, वाचन, पत्रमैत्री. पत्रमैत्री करण्यासाठी छंद म्हणून पत्रमैत्री लिहायची, ही गंमत तेव्हा कळली नव्हती. माझ्या मोठ्या भावाने तर थेट फिनलंड गाठलं होतं. तिथल्या तुर्कू शहरात इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस म्हणून संस्था होती. १९५२ ते २००८ इतकी वर्षं ती जगभरातल्या शाळकरी मुलांच्या जोड्या लावून देत होती. फॉर्म भरायचा, देश निवडायचा, थोडे पैसे पाठवायचे की पत्ता यायचा. दादाला हॉलंडचा मुलगा मिळाला. तिसऱ्या पत्रात त्याने विचारलं, तुमच्या रस्त्यावर खरंच गायी फिरतात का? दादाचा राष्ट्राभिमान दुखावला आणि आंतरराष्ट्रीय संबंध तुटले. त्या वेळी ठाण्यातल्या आमच्या चरईच्या गल्लीत, खिडकीखालीच, एक गाय उभी होती.

तर मी बसले देवरुखच्या बाईंना लिहायला. वर मधोमध श्री, उजवीकडे ठाणे आणि तारीख. पुढे पेन अडलं ते तीन दिवस. मायना काय लिहायचा?

'तीर्थरूप' आई-वडिलांना. त्यांच्या जागी असलेल्यांना 'तीर्थस्वरूप'. पण ज्या बाईंना पाहिलंही नाही त्यांना एकदम आईच्या जागी नेऊन बसवायचं? 'आदरणीय' म्हटलं की पुढे शाल-श्रीफळ आलंच. ऐंशीच्या बाईंना 'प्रिय' लिहिण्याइतकी मी धीट नाही. 'सौ.' लिहावं तर यजमान आहेत की नाहीत माहीत नाही, आणि नाहीत हे माहीत असतं तरी 'गं. भा.' माझ्या हातून लिहिलं गेलं नसतं. नवरा गेला म्हणून बाईच्या नावाला गंगा-भागीरथी जोडायची, ही रीत गेली ते बरंच झालं. 'श्रीमती' लिहून पाहिलं, पाकीट विजेच्या बिलासारखं दिसायला लागलं. शेवटी सरळ लिहिलं: 'बाईंस, सा. न. वि. वि.' साष्टांग नमस्कार विनंती विशेष. लहानपणी आजोबांच्या कार्डांवर ही अक्षरं पाहून तो कसला तरी मंत्र असावा अशी माझी समजूत होती. आता वाटतं, फार चूक नव्हती. चार अक्षरं लिहिली की हात मोकळा होतो.

मोकळा झाला तो इतका की चार कागद पाठपोट भरले. पावसाने लोकल कशी रखडली, मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोडचं काय झालंय, टोमॅटो कुठे जाऊन पोचलेत. शाळेतलं शाईचं पेन निब धुऊन चालू केलं होतं. साध्या वहीच्या कागदावर शाई फुटत होती, अक्षराला केसाळ मिश्या यायच्या, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून शंभर जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम भरणारे, जाड कागद आणले. पाच रुपयांचं तिकीट लावलं, पाकीट गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाल पेटीत सोडलं आणि उगाच आत वाकून पाहिलं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. पाकीट जाड. उघडलं तर आत माझंच पत्र, लाल शाईने तपासलेलं. 'आशिर्वाद' मधली शि दीर्घ केलेली. 'परिक्षा'ची री दीर्घ. समासात एके ठिकाणी 'वाक्य कोठे संपले?' अशी पृच्छा. आणि सोबत वेगळ्या कागदावर चार ओळी: 'पत्र पोचले. नॉटपेड होते. पोस्टमन म्हणाला नाकारता येते. दहा रुपये भरून घेतले, कारण ठाण्यात माझे कोणी नाही, तेव्हा कोण लिहिते हे कळणे अगत्याचे वाटले. अक्षर पूर्वी चांगले असावे.'

स्वयंपाकघरातल्या काट्यावर मग सगळं तोलून पाहिलं. एफोर आकाराचा शंभर जीएसएमचा एक कागद सव्वासहा ग्रॅमला थोडा कमी. चार झाले पंचवीस, वर पाकीट. साध्या पाकिटाला पाच रुपयांत वीस ग्रॅम चालतात, पुढच्या प्रत्येक वीस ग्रॅमला आणखी पाच. मी पाच कमी लावले होते, आणि कमी पडलेल्या रकमेची दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होते. शाळेत बाईंनी मला एवढ्या नीट त्रैराशिक शिकवलं असतं तर मी कुठल्या कुठे असते. त्यांच्या पाकिटावर मात्र दहाची तिकिटं होती, एका रेघेत, कडेला कड लावून.

शरमेने मी लगेच दुसरं पत्र लिहिलं, क्षमा मागितली, आणि पुन्हा पाऊस, पुन्हा टोमॅटो. यावेळी उत्तर इनलँडवर आलं. बाई नेहमी इनलँडच वापरतात. निळं, तीन घड्यांचं. अडीच रुपयांत काम होतं आणि जास्तीचं बोलायची सोय राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. इनलँड उघडायला सुरी लागते. बोटाने फाडलं तर कडेला लिहिलेला मजकूर चिकटपट्टीबरोबर जातो, आणि बाई कडेपर्यंत लिहितात. शब्द पुरा झाला की वरची रेघ शेवटी एका हिसक्यात ओढतात, दोरीवर धुणं टाकावं तशी. त्या पत्रातली एक ओळ मी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवली आहे. 'टोमॅटोचा भाव कळवू नये. पत्र येईतो तो उतरतो. प्रवासाच्या डब्यात आमटी देत नाहीत, चटणी देतात.'

आणि खाली त्यांनी चटणी पाठवली होती. परसात फणस आहे, सासऱ्यांनी लावलेला. इतकी वर्षं फांद्यांना धरायचा, हल्ली बुडाशी धरतो, अगदी मातीला टेकून. म्हातारा झाला की फणससुद्धा खाली बसून घेतो, त्यांनी लिहिलं होतं. त्याची एक फांदी शेजाऱ्यांच्या कौलांवर गेली आहे. शेजारी म्हणतात तोडा. बाई म्हणतात कौलं तुम्ही नंतर घातलीत, फांदी आधीची. 'पुढील हकीकत पुढील पत्री.'

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक चाळण बसली आहे. दिवसभरात जे दिसतं त्यातलं देवरुखला पाठवण्याजोगं काय? ठाणे स्टेशनच्या दहा नंबरच्या फलाटावरची गर्दी नाही पाठवण्याजोगी, ती आठ दिवसांनीही असणारच आहे, तिच्यात कळवायचं काय. जांभळी नाक्यावरची फुलवाली आहे. ती गजरा न बघता ओवते. परवा फोन स्पीकरवर मांडीशी ठेवून मुलाला झापत होती, हात आपले चाललेले. दोन मोगरे, एक अबोली, दोरा फिरव, गाठ. 'तुला अक्कल' म्हणाली आणि गाठ करकचून आवळली. एक कळी तुटली. तिने ती उचलून पाटीत न टाकता स्वतःच्या अंबाड्यात खोचली, बोलणं चालूच. हे मी पाठवलं. त्यात शिळं होण्यासारखं काही नव्हतं. मोबाइलवर टाकलं असतं तर फोटो टाकला असता, आणि फोटोत गाठ दिसली नसती.

पत्र रविवारी दुपारी लिहिते. घरी जमलं नाही तर मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसते. १८९३ सालची संस्था, तिथे शांत बसलेल्या माणसाकडे कुणी संशयाने बघत नाही. फक्त एकदा पेपर वाचणाऱ्या आजोबांनी माझी दौत, टीपकागद, पेन बघून हळूच विचारलं, "कुठली परीक्षा?" पत्र लिहितेय म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकिलांना?"

ज्यांना सुरुवात करायची आहे ते मला सामानाबद्दलच आधी विचारतात. पेन कुठलं, शाई कुठली, लाखेचा शिक्का मारायचा का. मी सांगते, घरात चालू असलेलं पेन घ्या. लाख मारू नका, आपल्या टपालाच्या पोत्यात तिचा चुरा होतो. सामान जमवण्यात रमलेली दोन माणसं मला माहीत आहेत, त्यांच्याकडे अकरा प्रकारच्या शाया आहेत आणि पाठवलेलं एकही पत्र नाही. पहिलं पत्र दोन पानी असावं, दुसऱ्याला उत्तर द्यायचं दडपण येईल इतकं मोठं नको. अनोळखी माणसाला पहिल्याच फटक्यात घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्टात भाड्याने पोस्ट बॉक्स मिळतो. आणि एक वही करा. आपण काय विचारलं होतं ते उत्तर येईपर्यंत आपण पार विसरलेले असतो. 'हो, दोन्ही वेळा' असं उत्तर आलं की डोकं खाजवत बसावं लागतं.

माझी वही सरकारी कचेरीतल्यासारखी आहे, आवक-जावक. तारीख, कोणाला, काय कळवलं, काय विचारलं, पोच कधी. तिच्यावरून सांगते, ठाणे ते देवरुख सर्वांत लवकर चार दिवस, सर्वांत उशिरा एकोणीस. साध्या टपालाला ट्रॅकिंग नसतं. पहिले दोन महिने मला याचा त्रास झाला. पार्सल कुठल्या गल्लीत आहे हे दर पाच मिनिटांनी बघायची सवय. आता पेटीत पाकीट पडल्याचा आवाज झाला की मी त्या कामातून मोकळी होते.

नेरुळला माझी कॉलेजची मैत्रीण राहते. तिलाही ओढलं. तिचा पत्ता पाकिटावर लिहायला मजा येते, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या पद्धतीचा: सेक्टर, प्लॉट, इमारत, मजला, नुसते आकडे. रस्त्याला नाव नाही, मारुतीसमोर नाही, पिठाच्या गिरणीजवळ नाही. गणिताच्या उत्तरासारखा पत्ता. आमचं रोज व्हॉट्सअ‍ॅप चालतं, तर पत्र कशाला हा तिचा रास्त प्रश्न होता. नियम ठरवला: पत्रातलं फोनवर बोलायचं नाही, पोचलं एवढंसुद्धा नाही. तिसऱ्या पत्रात तिने लिहिलं की मुलगा जर्मनीला गेल्यापासून ती रोज दोन माणसांच्या अंदाजाने भात लावते, आणि उरलेला सकाळी फोडणीचा करून डब्यात नेते, आणि तिला फोडणीचा भात आवडत नाही. त्या संध्याकाळीच तिचा फोन आला, साडीच्या सेलबद्दल. मी साडीबद्दलच बोलले. फार जड गेलं.

ठाणे-नेरुळ पाकिटाला तीन-चार दिवस लागतात. मी ट्रान्स हार्बर लोकलने चाळीसेक मिनिटांत नेऊन दिलं असतं.

पिन कोडची ओळख मला पत्रांमुळे नव्याने झाली. ठाण्याचा पिन ४००६ने सुरू होतो, नेरुळचा ४००७ने. म्हणजे पहिले तीन आकडे मुंबईचेच. कल्याण-डोंबिवली मात्र ४२१. ठाणं मुंबईत मोडत नाही म्हणून आम्ही हयातभर भांडतो आणि पोस्ट कधीच निकाल देऊन बसलंय. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याचा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची छप्पन्न गावं, शिवाय दर राज्यात वेगळी भाषा आणि लिपी, यातून वाट काढायला आकडे कामी आले. संस्कृत कवीने देशाला सहा आकड्यांत बसवलं हे मी बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर: 'छंदाची सवय असल्यावर मात्रा मोजता येतातच.'

परदेशी पत्र पाठवायचं असेल तर पोस्टक्रॉसिंग आहे. २००५मध्ये एका पोर्तुगीज विद्यार्थ्याने सुरू केलेलं. तुम्हाला जगातल्या कुणाचा तरी पत्ता मिळतो, त्याला पोस्टकार्ड पाठवायचं, त्यावर दिलेला नंबर घालायचा. ते पोचलं अशी त्याने नोंद केली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो आणि त्याचं कार्ड तुम्हाला येतं. उत्तराची बांधिलकी नाही, म्हणून भिडस्त माणसांना सुरुवातीला हे बरं. माझी अडचण वेगळीच झाली, ठाण्याचं चित्र असलेलं कार्ड मला कुठे मिळेना. शेवटी लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापून त्यावर मासुंदा तलाव काढला. गणपती ठळक छापलेली बाजू कुठे लपवायची हा प्रश्न होता, तो तसाच गेला. एका जर्मन रेल्वेवेड्याला लिहिलं की १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन ३४ किलोमीटरवरच्या माझ्या गावी आली होती, आणि हल्ली एका डब्यात चारशे असतात. त्याने उलट विचारलं, गणपती हा स्टेशनमास्तर आहे का?

मध्ये कुणीतरी ग्रुपवर बातमी टाकली की डेन्मार्कच्या सरकारी टपाल कंपनीने २०२५च्या अखेरीस पत्रांचा बटवडाच थांबवला, चारशे वर्षांनी. खाली मला उद्देशून हसरे चेहरे. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतली पेटी नीट पाहून आले. झाकणाला गंज, निकासीच्या वेळेची पाटी पुसट. पण कुलूप नवं होतं.

अक्षर सुधारलं. इतकं की बँकेत पुन्हा सही जुळली नाही, नवा नमुना भरून द्यावा लागला.

या जुलैत बाईंचं इनलँड आलं ते ओलं. पोस्टमनने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलं होतं, त्याचा काही दोष नाही, ते कोकणातूनच भिजून निघालं असावं. पत्ता बॉलपेनने होता आणि वर मेणबत्ती घासलेली, त्यामुळे एकही अक्षर हललं नव्हतं. पत्ता जपायची ही युक्ती बाईंनीच मला शिकवलेली. आतला मजकूर मात्र शाईचा. टीपकागदात घालून, वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवून तीन दिवस वाळवलं. पहिली घडी वाचता आली: प्रकृती ठीक, 'आणि'ला दीर्घ का दिलात, शेजाऱ्यांकडे शनिवारी माणसं आली होती कोयते घेऊन, मी खुर्ची टाकून फणसाखाली बसले, त्यांचा मोठा मुलगा जवळ आला आणि. तिथून पुढे दोन बोटं रुंदीचा निळा डाग, निळ्या कागदावर. तिसऱ्या घडीवर शेवटी एवढंच उरलं आहे: 'चहा केला. लोभ असावा.'

चहा कुणी केला, कुणाला केला, कळायला मार्ग नाही. सहकाऱ्याला विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत फोन लावून सांगितलं असतं. त्याला विचारलेलं नाही. काल कार्ड टाकलं, बॉलपेनने, एकच प्रश्न. वहीत जावकच्या रकान्यात नोंद केली आहे, आवकचा रकाना मोकळा आहे.